राज्याच्या तुरुंगातून फेडरल कोर्टात : अमेरिकेत शिक्षा झालेल्या माणसाच्या घरच्यांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत आपल्या घरच्या माणसाला शिक्षा झाली, राज्याच्या कोर्टातलं अपील फेटाळलं गेलं आणि कुणीतरी सांगितलं, "आता फेडरल कोर्टात जा." इथवर येऊन पोहोचलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहितो आहे. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहत असाल, किंवा साताऱ्याहून रात्री-अपरात्री फोनवर धावपळ करत असाल. मी वकील नाही. नात्यातल्या एकासाठी या सगळ्या कागदांमधून गेलो आहे. तेव्हा जे तुकड्यातुकड्याने आणि बऱ्याचदा उशिरा कळलं, ते इथे क्रमाने मांडतो. वकील मिळत असेल तर जरूर घ्या. पण वकील असला तरी तारखा तुम्हाला स्वतःला माहीत असायलाच हव्यात.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. अन्याय झाला की नाही, हा प्रश्न फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातल्या, न्यायाधीशांपुढे सर्वांत शेवटी येतो. त्याआधी ते विचारतात: मुदतीत आलात का? हाच मुद्दा राज्याच्या कोर्टात आधी मांडला होता का? याआधी एकदा येऊन गेलात का? यातल्या एका उत्तरावर गाडी अडली, तर तुमच्या माणसाची बाजू कितीही खरी असली तरी ती वाचली जाईलच असं नाही.

आपल्याकडच्या अनुभवामुळे इथे दोन गैरसमज होतात. पहिला असा की सेशन्स कोर्टावर उच्च न्यायालय आणि त्यावर सर्वोच्च न्यायालय, अशीच सरळ शिडी इथेही असेल. तशी ती नाही. राज्याची कोर्टं वेगळी, फेडरल कोर्टं वेगळी. फेडरल जिल्हा न्यायालय हे राज्याच्या कोर्टाचं वरिष्ठ न्यायालय नव्हे. अमेरिकेच्या राज्यघटनेचा, फेडरल कायद्याचा किंवा आंतरराष्ट्रीय कराराचा भंग करून माणसाला कैदेत ठेवलंय का, एवढंच ते बघू शकतं. साक्षीदार खोटं बोलला किंवा शिक्षा जास्त झाली, एवढ्यावर तिथे काही होत नाही. दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. आपल्याकडे उशीर झाला की विलंबमाफीचा अर्ज करतात आणि कारण पटलं तर कोर्ट तो मान्य करतं. इथे त्या भरवशावर राहू नका.

१. आधी दार कोणतं ते ठरवा

शिक्षा राज्याच्या कोर्टाने दिली असेल तर मार्ग फेडरल कायद्याच्या कलम २२५४ चा. यालाच हेबियस पिटिशन म्हणतात. आपण हेबियस कॉर्पस ऐकतो ते पोलिसांनी बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसासाठी. इथे मात्र रीतसर खटला होऊन शिक्षा झाल्यावरही हाच अर्ज चालतो.

शिक्षा फेडरल कोर्टाने दिली असेल तर प्रकरण वेगळं. तिथे थेट अपिलाची नोटीस निकालानंतर फक्त १४ दिवसांत द्यावी लागते. त्यानंतरचा अर्ज कलम २२५५ चा, तोही ज्या कोर्टाने शिक्षा दिली तिथेच. त्याला फी नाही.

तुरुंगात औषधं मिळत नाहीत, मारहाण झाली, अशी तक्रार असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. त्यासाठी कलम १९८३ चा दिवाणी दावा लागतो आणि त्याआधी तुरुंगाची अंतर्गत तक्रारप्रक्रिया शेवटच्या पायरीपर्यंत पूर्ण करावी लागते. १९९६ च्या प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्टनुसार गरीब कैद्यालाही त्या दाव्याची फी माफ होत नाही. ती त्याच्या तुरुंगातल्या खात्यातून हप्त्याने कापली जाते. शिक्षेविरुद्धचा मुद्दा चुकून या दाव्यात घातला, तर तो फेटाळला जाईपर्यंत हेबियसची मुदत उलटून जाऊ शकते.

हा लेख पुढे कलम २२५४ बद्दल आहे. अर्ज दाखल होताना माणूस कैदेत असला पाहिजे. पॅरोलवर असला तरी चालतो. शिक्षा पूर्ण भोगून झाली असेल तर हे दार बंद होतं.

२. राज्याच्या कोर्टातली प्रत्येक पायरी चढा

याला इथे एक्झॉशन म्हणतात. फेडरल कोर्टात जो मुद्दा मांडायचा, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत आधी नेलेला असला पाहिजे. ते न्यायालय प्रकरण ऐकायला बांधील नसलं, तरी त्याच्याकडे मागणी करावीच लागते. १९९९ च्या ओ'सलिव्हन विरुद्ध बोर्केल या निकालाने हे स्पष्ट केलं. न्यू जर्सीत याचा अर्थ असा: अपेलेट डिव्हिजनने (तिथल्या अपील कोर्टाने) अपील फेटाळलं की तिथे थांबायचं नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात सर्टिफिकेशनसाठी, म्हणजे प्रकरण ऐकून घ्या असा, अर्ज करायचा. "ते कोर्ट क्वचितच ऐकतं, कशाला खर्च करता?" असं कुणी सांगितलं तरी करायचा.

मुद्दा नेला म्हणजे नेमकं काय केलं, तेही महत्त्वाचं आहे. "माझ्या वकिलाने नीट काम केलं नाही" एवढं लिहिलं तर ती राज्याच्या कायद्यातली तक्रारही असू शकते. त्यामुळे "सहाव्या घटनादुरुस्तीनुसार सक्षम वकील मिळण्याचा माझा हक्क डावलला गेला" हे शब्द राज्याच्या कोर्टातल्या अर्जातच हवेत, आणि सोबत १९८४ च्या स्ट्रिकलंड विरुद्ध वॉशिंग्टन निकालाचा उल्लेख हवा. बॉल्डविन विरुद्ध रीस या २००४ च्या प्रकरणात ओरेगॉनच्या कैद्याच्या अर्जात फेडरल हक्काचा उल्लेख नव्हता. न्यायाधीशांनी खालच्या कोर्टाचा निकाल उघडून पाहिला असता तर त्यांना तो सापडला असता. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ते त्यांचं काम नाही.

राज्याच्या कोर्टातली मुदत चुकली तर तो मुद्दा फेडरल कोर्टातही सहसा कायमचा जातो. याला प्रोसिजरल डिफॉल्ट म्हणतात. कोलमन विरुद्ध थॉम्पसन (१९९१) हे त्याचं सर्वांत कठोर उदाहरण आहे. व्हर्जिनियात मृत्युदंड झालेल्या कोलमनच्या वकिलांनी राज्यातल्या पोस्ट-कन्व्हिक्शन अर्जावरच्या, म्हणजे थेट अपील संपल्यावर शिक्षेला आव्हान देणाऱ्या अर्जावरच्या, अपिलाची नोटीस ३ दिवस उशिरा दिली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, या टप्प्यावर वकील मिळण्याचा घटनात्मक हक्कच नाही, तेव्हा वकिलाची चूक ही कैद्याचीच चूक. १९९२ मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला. २००६ च्या डीएनए चाचणीने गुन्हा त्यानेच केल्याचं दाखवलं, हेही सांगितलं पाहिजे. पण निर्दोषत्वाचा भक्कम नवा पुरावा हाती नसेल तर तो नियम निर्दोष माणसालाही तसाच लागू होतो, आणि माझ्या मते तो अन्यायकारक आहे.

याला एक अरुंद फट आहे. २०१२ च्या मार्टिनेझ विरुद्ध रायन निकालानुसार, खटल्यातल्या वकिलाच्या चुकीचा मुद्दा राज्याच्या पोस्ट-कन्व्हिक्शन टप्प्यावरच पहिल्यांदा मांडता येत असेल आणि त्या टप्प्यावर वकीलच नव्हता किंवा होता तो निष्काळजी होता, तर डिफॉल्ट माफ होऊ शकतो. मात्र २०२२ च्या शिन विरुद्ध रामिरेझ निकालाने ही फट आणखी आवळली. मुद्दा ऐकला गेला तरी त्यासाठी नवा पुरावा फेडरल कोर्टात आणणं आता जवळजवळ अशक्य झालं आहे.

तेव्हा जो काही पुरावा असेल तो राज्याच्या कोर्टातच दाखल करा. साक्षीदाराचं शपथपत्र, वैद्यकीय अहवाल, भाषांतराच्या चुका दाखवणारी टिपणं, सगळं. "हे वरच्या कोर्टात काढू" म्हणून काहीही राखून ठेवू नका.

३. एका वर्षाचं घड्याळ

ही पायरी दोनदा वाचा. २४ एप्रिल १९९६ रोजी सही झालेल्या 'अँटिटेररिझम अँड इफेक्टिव्ह डेथ पेनल्टी ॲक्ट' या कायद्याने, ज्याला वकील थोडक्यात 'एडपा' म्हणतात, हेबियससाठी एका वर्षाची मुदत घातली. बहुतेक प्रकरणांत हे वर्ष थेट अपिलाचा निकाल अंतिम झाल्याच्या तारखेपासून धावतं.

अंतिम म्हणजे कधी? राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिल्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जायला ९० दिवस मिळतात. तिथे गेला नाहीत तरी ते ९० दिवस संपल्यावरच वर्ष सुरू होतं. पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेलाच नसाल, तर हे ९० दिवस मिळत नाहीत. तिथे जाण्याची मुदत संपली त्या दिवसापासूनच घड्याळ चालू.

राज्यात पोस्ट-कन्व्हिक्शन अर्ज, म्हणजे पीसीआर, रीतसर दाखल असेल तोवर घड्याळ थांबतं. थांबतं म्हणजे पुन्हा शून्यावर येत नाही. आधी गेलेले दिवस गेलेच.

आकडे घालून बघू. समजा, न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२२ ला सर्टिफिकेशन नाकारलं. ९० दिवस ३१ मे २०२२ ला संपतात. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वर्ष मोजायचं, म्हणजे शेवटची तारीख ३१ मे २०२३. आता १ डिसेंबर २०२२ ला पीसीआर दाखल केला. तोवर सहा महिने खर्च झाले, हातात उरले साधारण सहा. पीसीआर चालू असेपर्यंत, त्यावरचं अपील धरून, घड्याळ थांबलेलं. शेवटी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पीसीआरमध्येही नकार दिला की दुसऱ्याच दिवशी घड्याळ चालू होतं. या वेळी ते ९० दिवस मिळत नाहीत. लॉरेन्स विरुद्ध फ्लोरिडा (२००७) या निकालात हे ठरलं. त्याच निकालात कोर्टाने असंही म्हटलं, की वकिलाने तारखेचा हिशेब चुकवला हे मुदत वाढवून मिळायला पुरेसं कारण नाही.

न्यू जर्सीतल्या कुटुंबांसाठी सर्वांत मोठा सापळा इथे आहे. तिथे पीसीआर दाखल करायला निकालापासून पाच वर्षं मिळतात. साहजिकच घरचे म्हणतात, घाई कशाला, पैसे जमवू, चांगला वकील शोधू, मग करू. राज्याच्या नियमात ते बरोबर बसतं. पण फेडरल वर्ष त्या काळात मुकाट्याने संपून जातं, आणि संपलेलं वर्ष नंतर दाखल केलेल्या पीसीआरने जिवंत होत नाही. राज्याची मुदत आणि फेडरल मुदत यांचे दोन वेगळे रकाने करून एकाच कागदावर लिहा आणि तो कागद भिंतीवर लावा.

दुसरा सापळा: राज्यातला अर्जच मुदतीबाहेर ठरला तर तो "रीतसर दाखल" धरला जात नाही आणि घड्याळ थांबलेलंच नव्हतं असं मानतात. पेस विरुद्ध डिग्युलिएल्मो, २००५. तिसरा: फेडरल कोर्टात घाईने पिटिशन टाकली आणि काही महिन्यांनी ती "आधी राज्यात जा" म्हणून परत आली, तर त्या महिन्यांत घड्याळ चालूच असतं. फेडरल पिटिशन घड्याळ थांबवत नाही.

मग मुदत संपत आली आहे आणि काही मुद्दे राज्यात अजून मांडायचे आहेत, अशा वेळी काय करायचं? पिटिशन मुदतीत दाखल करा आणि सोबत 'स्टे अँड अबेयन्स'चा अर्ज द्या. म्हणजे कोर्टाला सांगायचं की प्रकरण दाखल करून बाजूला ठेवा, आम्ही राज्यातलं काम पुरं करून येतो. २००५ च्या राइन्स विरुद्ध वेबर निकालानुसार त्यासाठी तीन गोष्टी लागतात: आधी न मांडण्याला योग्य कारण, मुद्द्यात दम, आणि मुद्दाम वेळ काढत नसल्याची खात्री. हा अर्ज न देता अर्धे मांडलेले आणि अर्धे न मांडलेले मुद्दे एकत्र टाकले, तर सगळी पिटिशन फेटाळली जाऊ शकते.

मुदत खरोखरच उलटली असेल तर दोन फार अवघड वाटा उरतात. एक, इक्विटेबल टोलिंग, म्हणजे न्यायाच्या दृष्टीने मुदतीत मिळणारी सवलत. यात माणसाने सतत खटपट केली होती आणि असामान्य परिस्थिती आडवी आली, हे दोन्ही सिद्ध करावं लागतं. होलंड विरुद्ध फ्लोरिडा (२०१०) मध्ये कैदी वकिलाला पत्रांवर पत्रं लिहीत होता, मुदतीबद्दल विचारत होता, वकील उत्तर देत नव्हता. राज्याचा निकाल लागून काही आठवडे झालेत, हे त्याला तुरुंगाच्या ग्रंथालयात काम करताना कळलं. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः पिटिशन लिहून टपालात टाकली. सर्वोच्च न्यायालयाने अशी सवलत असू शकते हे मान्य केलं, आणि त्यात त्या पत्रांना फार मोल होतं. म्हणून वकिलाला फोन केला तरी मागोमाग पत्रही पाठवा आणि प्रत ठेवा. दुसरी वाट निर्दोषत्वाचा भक्कम नवा पुरावा असण्याची. २०१३ च्या मॅकक्विगिन विरुद्ध पर्किन्स निकालाने ती उघडी ठेवली आहे, पण ज्यूरीतल्या कुणाही समंजस माणसाने दोषी ठरवलं नसतं इतका तो पुरावा जोरदार लागतो.

४. कागद जमवा

हे काम घरच्यांनीच करायचं. तुरुंगात झेरॉक्सला पैसे आणि परवानगी दोन्ही लागतात.

• दोषसिद्धीचा आणि शिक्षेचा निकाल, त्यावरील तारखेसह
• खटल्याचं संपूर्ण ट्रान्सक्रिप्ट (कोर्टात बोललेल्याची शब्दशः नोंद). गुन्हा कबूल केला असेल तर त्या सुनावणीचं आणि सही केलेल्या फॉर्मचं
• थेट अपिलात दोन्ही बाजूंनी दिलेले ब्रीफ (लेखी युक्तिवाद) आणि प्रत्येक कोर्टाचा आदेश
• पीसीआरचे सगळे अर्ज, जोडपत्रं, आदेश आणि प्रत्येक अर्ज दाखल झाल्याचा शिक्का
• वकिलांशी झालेला पत्रव्यवहार, पाकिटांसकट
• तुरुंगाच्या लीगल मेल (कोर्ट-वकिलांच्या टपालाच्या) नोंदवहीची प्रत, मिळाली तर
• तुरुंगातील खात्यातली शिल्लक दाखवणारं, अधिकाऱ्याने प्रमाणित केलेलं पत्र
• मराठी किंवा हिंदी कागद असतील तर त्यांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर

जुन्या वकिलाकडून फाइल मागवताना कैद्याच्या सहीचं पत्र लागतं. ती फाइल मागण्याचा हक्क त्याचा आहे. फेडरल कोर्टातले कागद पेसर या सरकारी संकेतस्थळावर दिसतात. पानाला १० सेंट पडतात आणि एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर. तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचा वापर असेल तर काहीच आकारत नाहीत. म्हणजे एका कुटुंबाला ते जवळजवळ फुकटच आहे, आणि भारतात बसूनही प्रकरणावर लक्ष ठेवता येतं.

५. फॉर्म भरा

राज्याच्या कैद्यासाठीचा फॉर्म एओ २४१. काही जिल्हा न्यायालयांचा स्वतःचा फॉर्म असतो, म्हणून क्लार्कच्या कार्यालयाला पत्र लिहून तोच मागवा. हाताने लिहिलेलं चालतं, वाचता आलं पाहिजे. प्रतिवादी म्हणून ज्याच्या ताब्यात माणूस आहे तो अधिकारी, साधारणपणे त्या तुरुंगाचा वॉर्डन, म्हणजे तुरुंगप्रमुख. राज्याचं नाव किंवा खटल्यातल्या न्यायाधीशाचं नाव घालू नका.

प्रत्येक मुद्दा वेगळा लिहायचा. त्याखाली घडलेल्या गोष्टी: कोण, कधी, काय. मग तो मुद्दा राज्यात कुठल्या अर्जात, कुठल्या पानावर मांडला होता. कायद्याची लांबलचक चर्चा नको, तथ्यं हवीत. "वकील निष्काळजी होता" यात कोर्टाच्या हाती काहीच लागत नाही. "घटनेच्या वेळी मी कामावर होतो हे सांगणाऱ्या दोन सहकाऱ्यांची नावं मी वकिलाला दिली, त्याने एकालाही फोन केला नाही, त्यांची शपथपत्रं पीसीआरच्या जोडपत्रात आहेत" यात लागतं.

माहीत असलेला प्रत्येक मुद्दा याच पिटिशनमध्ये घाला. का, ते नवव्या पायरीवर येईल. पण एक मुद्दा वगळा: पोलिसांनी बेकायदा झडती घेतली हा. राज्याच्या कोर्टात त्यावर पुरेशी संधी मिळालेली असेल, तर १९७६ पासून फेडरल हेबियसमध्ये तो ऐकत नाहीत.

स्थलांतरितांसाठी एक मुद्दा नेहमी तपासून पाहावा. गुन्हा कबूल करण्याआधी, यामुळे देशाबाहेर पाठवलं जाईल, हे वकिलाने सांगितलं होतं का? २०१० च्या पॅडिला विरुद्ध केंटकी निकालाने ते सांगणं वकिलाचं कर्तव्य ठरवलं. अर्थात हाही मुद्दा आधी राज्याच्या कोर्टातूनच यावा लागतो.

खोटी साक्ष दिल्यास शिक्षेला पात्र असल्याच्या कलमाखाली सही कैद्याने स्वतः करायची. आई, भाऊ, बायको यांनी त्याच्या वतीने सही करून पाठवू नये. तो स्वतः का करू शकत नाही हे दाखवल्याशिवाय कोर्ट ती धरत नाही.

६. पाठवणं आणि फी

हेबियसची फी फक्त ५ डॉलर. तीही शक्य नसेल तर फीमाफीचा अर्ज जोडा.

पाठवताना कुटुंबांकडून सर्वांत जास्त गडबड होते. १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक निकालापासून नियम असा की, वकील नसलेल्या कैद्याने कागद तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे टपालासाठी दिला, तीच दाखल केल्याची तारीख. कोर्टात तो आठवड्याने पोहोचला तरी हरकत नाही. हा फायदा तुरुंगातून थेट कोर्टाला गेलेल्या टपालालाच आहे. "घरी पाठव, आम्ही टाइप करून छान बांधून देतो" म्हटलंत आणि तुम्ही टपालात टाकलंत, तर कोर्टात पोहोचल्याची तारीख धरली जाईल. मुदत जवळ असेल तर हस्ताक्षर कसंही असू दे, थेट तुरुंगातूनच जाऊ दे.

तुरुंगात लीगल मेलची वेगळी व्यवस्था असेल तर तीच वापरावी लागते. सोबत एक निवेदन जोडा: अमुक तारखेला कागद तुरुंगाच्या टपालव्यवस्थेत दिले आणि फर्स्ट क्लासचं टपालशुल्क भरलेलं आहे. खाली तारीख आणि सही.

माणसाला दुसऱ्या तुरुंगात हलवलं तर त्याच दिवशी कोर्टाला नवा पत्ता कळवायला सांगा. जुन्या पत्त्यावर गेलेल्या आदेशाची मुदत तुमच्यासाठी थांबून राहत नाही.

७. दाखल झाल्यावर

न्यायाधीश आधी प्राथमिक छाननी करतात. पिटिशनमध्येच दम नाही असं दिसलं तर राज्याला न बोलावता ती फेटाळतात. नाहीतर राज्याच्या वकिलांना उत्तर द्यायला सांगतात. त्या उत्तरात बहुतेक वेळा मुदत आणि एक्झॉशन हेच पहिले आक्षेप असतात. त्यावर प्रत्युत्तर द्यायची संधी मिळते, ती सोडू नका.

अनेक जिल्ह्यांत आधी मॅजिस्ट्रेट न्यायाधीश, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांना मदत करणारे न्यायाधीश, शिफारशीचा अहवाल देतात. तो निकालासारखाच दिसतो, आणि लोक "हरलो" म्हणून खचून बसतात. खरं तर त्यावर १४ दिवसांत लेखी हरकती घ्यायच्या असतात. त्या घेतल्या नाहीत तर पुढे अपिलात तो मुद्दा मांडण्याचा हक्कही जाऊ शकतो.

वकील मिळण्याचा हक्क इथे नाही. मृत्युदंडाची प्रकरणं वेगळी, तिथे कायद्याने वकील मिळतो. एरवी कोर्टाला योग्य वाटलं तर ते देऊ शकतं, आणि पुराव्याची सुनावणी ठेवली तर गरीब कैद्याला द्यावाच लागतो. मागणी करा, पण तिच्या उत्तराची वाट बघत मुदत घालवू नका.

मुद्द्यांवर निकाल द्यायची वेळ आली तरी कसोटी उलटी असते. राज्याचा निकाल चुकीचा होता एवढं पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे घालून दिलेल्या कायद्याच्या तो विरुद्ध होता, किंवा त्या कायद्याचा वापर अवाजवी होता, हे दाखवावं लागतं. २०११ च्या हॅरिंग्टन विरुद्ध रिक्टर निकालाच्या भाषेत, कुणाही निःपक्ष कायदेतज्ज्ञाचं त्या निकालाशी एकमत होऊ शकत असेल तर तो टिकतो. हे तपासताना राज्याच्या कोर्टापुढे जे कागद होते तेवढेच बघतात.

८. हरलात तर: ३० दिवस

जिल्हा न्यायालयाने नकार दिल्यावर वरच्या कोर्टात सरळ जाता येत नाही. 'सर्टिफिकेट ऑफ अपीलेबिलिटी' लागतं. घटनात्मक हक्क डावलला गेल्याचं ठोस दिसतं आणि समंजस न्यायाधीशांत यावर मतभेद होऊ शकतो, एवढं दाखवायचं असतं. जिंकणार हे सिद्ध करायचं नसतं. जिल्हा न्यायालय निकालासोबतच ते देतं किंवा नाकारतं. नाकारलं तर अपील कोर्टाकडे मागता येतं. न्यू जर्सीसाठी ते फिलाडेल्फियातलं थर्ड सर्किट.

पण प्रमाणपत्र मिळो वा न मिळो, अपिलाची नोटीस निकालापासून ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात गेलीच पाहिजे. प्रमाणपत्र नाकारलं त्याचा फेरविचार करा असा अर्ज दिल्याने ही मुदत वाढत नाही. अपिलाची फी ६०५ डॉलर आहे, त्यासाठीही माफीचा अर्ज होतो.

ही मुदत किती निर्दय आहे ते बोल्स विरुद्ध रसेल (२००७) मध्ये दिसतं. ओहायोच्या या कैद्याला निकालाची नोटीस वेळेवर मिळाली नव्हती, म्हणून न्यायाधीशांनी अपिलाची मुदत पुन्हा उघडून दिली. नियमात १४ दिवस होते, आदेशात त्यांनी १७ लिहिले. बोल्सने आदेशावर विश्वास ठेवून सोळाव्या दिवशी नोटीस दिली. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याचं अपील बाद ठरवलं, कारण कायद्यातली ही मुदत न्यायाधीशालाही वाढवता येत नाही. न्यायाधीशाच्या सहीच्या आदेशावर विसंबणाऱ्या माणसाला असं परत पाठवणं मला आजही पटत नाही. म्हणून आदेशात, पत्रात किंवा वकिलाच्या ईमेलमध्ये कुठलीही तारीख आली, तरी मूळ नियम उघडून स्वतः मोजा.

निकालाची नोटीस उशिरा कळली असेल तर मुदत पुन्हा उघडून मागायला हातात फार थोडे दिवस असतात: नोटीस मिळाल्यापासून १४ दिवस, आणि निकालापासून १८० दिवसांच्या आत, यांतलं जे आधी येईल ते.

९. दुसऱ्यांदा येता येत नाही

हेबियस व्यवहारात एकदाच मिळते. आधी मांडलेला मुद्दा दुसऱ्या पिटिशनमध्ये फेटाळलाच जातो. नव्या मुद्द्यासाठी आधी अपील कोर्टाची परवानगी लागते. ती मिळते दोनच कारणांनी: सर्वोच्च न्यायालयाने पूर्वलक्षी लागू केलेला नवा घटनात्मक नियम, किंवा आधी शोधून सापडलाच नसता असा, निर्दोषत्व स्पष्ट दाखवणारा पुरावा. परवानगी नाकारली तर त्यावर फेरविचारही मागता येत नाही. निकाल बदला म्हणून उशिरा केलेला साधा अर्जसुद्धा कधीकधी दुसरी पिटिशन धरून फेटाळतात. फक्त राज्यातलं काम अपुरं म्हणून पहिली पिटिशन परत आली असेल, तर नंतरची पिटिशन दुसरी मोजली जात नाही.

१०. मदत कुणाची घ्यावी, कुणाची नाही

तुरुंगात कायदा शिकलेले कैदी इतरांचे अर्ज लिहून देतात. दुसरी मदत नसेल तर ते घेण्याची मुभा १९६९ च्या जॉन्सन विरुद्ध एव्हरी निकालाने दिली आहे. त्यातले काही खरोखर जाणकार असतात. पण मूळ कागद त्यांच्या हाती कायमचे देऊ नका. एका माणसाची बदली झाली की दुसऱ्याची फाइल नाहीशी होते.

"कन्सल्टंट" म्हणवून घेणारे, वकिलीचा परवाना नसलेले लोक आपल्या समाजातही फिरतात. पैसे देण्याआधी राज्याच्या बारच्या (वकील संघटनेच्या) यादीत नाव आहे का पाहा, आणि "हेबियस किती केल्या, त्यांतली मुदतीत किती दाखल झाली?" हे थेट विचारा. तुरुंगातले फोन रेकॉर्ड होतात, तेव्हा प्रकरणाचे तपशील फोनवर बोलू नका, मराठीतही नाही.

माणूस भारतीय नागरिक असेल तर वाणिज्य दूतावासाला कळवा. न्यू जर्सीसाठी तो न्यूयॉर्कला आहे. व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार अटकेच्या वेळीच त्याला दूतावासाला कळवण्याच्या हक्काची माहिती द्यायला हवी होती. कुलभूषण जाधव प्रकरणामुळे हे कलम मराठी घरांत परिचयाचं झालं आहे. तिथे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये भारताच्या बाजूने कौल दिला. अमेरिकेच्या कोर्टात मात्र हा मुद्दाही राज्याच्या खटल्यात वेळेवर मांडला नसेल तर बाद होतो, असं २००६ च्या सांचेझ-यामास विरुद्ध ओरेगॉन निकालात ठरलं. त्यामुळे त्याच्या जोरावर सुटका होईल अशी आशा धरू नका. दूतावासाचा उपयोग दुसऱ्या कामांना होतो: अधिकाऱ्याची तुरुंगात भेट, घरच्यांना निरोप, ओळखीची कागदपत्रं, वकिलांची नावं. अडचणीतल्या भारतीय नागरिकांसाठी इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड आहे आणि त्यातून कायदेशीर मदत मिळू शकते. अर्ज लेखी करा, सोबत शिक्षेच्या निकालाची प्रत आणि मुदतीची तारीख ठळक लिहून द्या, आणि पोच मागून घ्या.